पापण्यांचं ऑपरेशन लांबवू नका

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले कागद सगळे वाचले. रक्ताचा रिपोर्ट, डोळ्यांच्या सर्जनची चिठ्ठी, आणि जनुकोपचाराच्या बातम्यांचे प्रिंटआउटही. फोनवर विषय काढला की तुम्ही "बरं, बघू" म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून लिहायला बसले. आई, हे तू मोठ्याने वाचून दाखव. एका हाताने पापणी वर धरून त्यांनी वाचावं असं मला नको आहे.

मला काय वाटतं ते आधीच सांगते. पापण्यांचं ऑपरेशन आता करून घ्या. घशाचं करायचं की नाही ते गिळण्याची नीट तपासणी झाल्यावर ठरवू. आणि अमेरिकेतल्या त्या जनुकोपचाराच्या चाचणीसाठी यातलं काहीही अडवून ठेवू नका. मी रोज चाचण्यांचीच कामं करते, संमतीपत्रं वाचते, रुग्णांच्या नोंदी ठेवते. तरीही, किंवा म्हणूनच, हे सांगते आहे.

रिपोर्ट स्पष्ट आहे. ऑक्युलोफॅरिंजियल मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थोडक्यात ओपीएमडी. डोळ्यांच्या आणि घशाच्या स्नायूंचा आनुवंशिक आजार. पीएबीपीएन१ नावाच्या जनुकापासून जे प्रथिन तयार होतं, त्याच्या सुरुवातीला ॲलॅनिन हे अमिनो आम्ल ओळीने १० वेळा येतं. आजारात ते ११ ते १८ वेळा येतं. तुमच्या एका प्रतीत १० आहेत, दुसरीत १३. हे जादा तीन पुरे होतात: प्रथिनाची घडी बिघडते आणि स्नायूपेशींच्या केंद्रकात त्याच्या गुठळ्या साचत जातात. जन्मापासून हे जनुक असंच आहे, पण त्रास सुरू होतो बहुधा पन्नाशी-साठीत. आजोबांच्या प्रत्येक फोटोत त्यांची मान मागे आणि भुवया वर आहेत. "करारी माणूस" म्हणायचे सगळे. करारी होतेच, पण ते समोरचं दिसावं म्हणून तसे बघायचे.

तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून एक. हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला टेलर नावाच्या डॉक्टरांनी, १९१५ मध्ये, बॉस्टनमध्ये, फ्रेंच-कॅनडियन वंशाच्या एका कुटुंबाबद्दल. आजचं नाव १९६२ मध्ये पडलं आणि जनुक सापडलं १९९८ मध्ये, बर्नार्ड ब्रे यांच्या चमूला. क्वेबेकमधल्या फ्रेंच भाषिकांत साधारण हजारात एकाला हा आजार असतो, इस्राएलमधल्या बुखारी ज्यूंमध्ये सहाशेत एकाला. दोन्हीकडे थोड्या पूर्वजांपासून वाढलेला समाज. बाकी जगात तो विरळा, त्यामुळे तुम्हाला आधी मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा दुसरा आजार, समजून गोळ्या दिल्या गेल्या यात नवल नाही. पण मायस्थेनियात पापण्या सकाळी बऱ्या आणि संध्याकाळी जड असतात. तुमच्या दिवसभर सारख्याच. आणि अनेक जनुकं एकदम तपासणारं ते पॅनेल "निर्दोष" आलं होतं त्याचं कारण असं, की एकाच अक्षरसमूहाची पुनरावृत्ती किती लांब आहे हे मोजायला ती पद्धत कच्ची पडते. या एका जनुकाची वेगळी चाचणी मागावी लागते. आत्याला सांगाल तेव्हा हे वाक्य तिच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता पापण्या. ऑपरेशन दोन प्रकारांनी होतं. पहिल्यात पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पुढचा पडदा थोडा कापून आखूड करतात. सोपं आहे, जागेवर भूल देऊन होतं. पण तो स्नायू स्वतःच आजारी, त्यामुळे काही वर्षांत पापणी पुन्हा उतरते आणि पुन्हा करावं लागतं. दुसरा प्रकार मला जास्त हुशारीचा वाटतो. ओपीएमडीमध्ये कपाळाचा स्नायू बऱ्यापैकी शाबूत राहतो. तुम्ही आठ्या घालून, भुवया चढवून बघता ते त्याच्याच जोरावर. मग पापणी त्यालाच बांधायची, कळसूत्री बाहुलीच्या दोरीसारखी. भुवईच्या वर दोन-तीन बारीक छेद, पापणीतून एक पट्टी ओवून वर कपाळाच्या स्नायूत अडकवतात. पट्टी मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या चिवट आवरणातून काढतात किंवा सिलिकॉनची वापरतात. मांडीची टिकाऊ, पण तिच्यासाठी बहुधा पूर्ण भूल लागते. सिलिकॉनची लवचिक, पुढे सैल-घट्ट करता येते, नको झाली तर काढताही येते.

तुमच्या सर्जनच्या चिठ्ठीत यातलं दुसरं सुचवलं आहे. मला पटतं, पण एक गोष्ट त्यांना विचारा. डोळे मिटताना बुबुळ वर फिरतं, त्याने ते झाकलं जातं. काही ओपीएमडी रुग्णांत डोळे फिरवणारे स्नायूही ढिले होतात आणि हे संरक्षण कमी पडतं. तशात पापणी जास्त ताणली तर झोपेत डोळा अर्धा उघडा राहून बुबुळ कोरडं पडतं, जखम होते. म्हणून चांगले सर्जन पापणी मुद्दाम थोडी खालीच ठेवतात, बाहुली मोकळी होईल इतपत. तेव्हा लग्नातल्या फोटोसारखे डोळे परत मिळतील अशी अपेक्षा नको. आई, हे वाक्य तुझ्यासाठीही आहे.

आणि पापण्यांची घाई मी का करते आहे, तर घशासाठी. पापण्या खाली असल्या की तुम्ही हनुवटी वर करून बसता, आणि तसेच जेवता. मान मागे असली की गिळणं आणखी अवघड होतं, श्वासनलिकेची वाट जास्त उघडी पडते. मागच्या वेळी आले तेव्हा तुम्हाला पाणी पिताना बघत होते. एक घोट घेतला, लगेच दुसरा कोरडा घोट, मग तिसरा, आणि नंतर "काही नाही" म्हणालात तेव्हा आवाज ओलसर आला, घशात थेंब अडकल्यासारखा. तो ओलसर आवाज ठसक्यापेक्षा मला जास्त खटकला. ठसका निदान आत गेलेलं बाहेर तरी काढतो.

घशाचं सांगते. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक कडं असतं, क्रिकोफॅरिंजियस. एरवी बंद, घास आला की क्षणभर उघडतं. तुमच्या घशाची ढकलण्याची ताकद कमी झाली आहे आणि हे कडं नीट मोकळं होत नाही, म्हणून घास वरच रेंगाळतो. घशाचं ऑपरेशन म्हणजे मायोटॉमी, त्यात मानेच्या बाजूने छेद घेऊन ते कडं उभं कापतात. काही ठिकाणी तोंडातून दुर्बीण घालून आतूनही करतात. याने घशाची ताकद वाढत नाही, फक्त दार सैल होतं. बहुतेकांना सुरुवातीला चांगला आराम पडतो, पण आजार पुढे सरकत राहतो आणि काही वर्षांनी त्रास हळूहळू परत येतो. ज्यांच्या घशात ढकलायची ताकदच उरलेली नाही, स्वतःची लाळही गिळली जात नाही, त्यांना याचा उपयोग नसतो. म्हणजे फार लवकर नको आणि फार उशिराही नको. फुग्याने ते तोंड ताणणं किंवा बोटुलिनमचं इंजेक्शन हेही पर्याय आहेत. त्यांचा परिणाम तात्पुरता, पुन्हा पुन्हा करावे लागतात.

यातलं कोणतं सरस? याचं उत्तर छातीठोकपणे देणाऱ्या डॉक्टरांपासून थोडं जपून राहा. स्नायूंच्या जुनाट आजारांतल्या गिळण्याच्या त्रासावर २००४ मध्ये कोक्रेनने, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने, सगळं संशोधन चाळलं, तेव्हा चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली, विश्वास ठेवावा अशी एकही तुलना हाती लागली नाही. रुग्ण इतके थोडे की दोन गट पाडायचे तरी कसे? सर्जन चांगले आहेत, अनुभव खरा आहे, पण तो अनुभव आहे, पुरावा नव्हे. माझ्या कामात हा फरक रोज पाळावा लागतो.

आता तुमच्या प्रिंटआउटबद्दल. बेनिटेक कंपनीचं ते जनुकोपचाराचं औषध, बीबी-३०१. कल्पना खरोखर देखणी आहे. एकाच विषाणूच्या टरफलात दोन कामं भरली आहेत: तुमचं बिघडलेलं जनुक गप्प करायचं आणि त्याच जनुकाची चांगली प्रत त्या जागी कामाला लावायची. आधी हे उंदरांवर करून पाहिलं, आणि २०२३ च्या अखेरीस पहिल्या रुग्णाला दिलं. सुई थेट घशाच्या स्नायूंत. पण बाबा, हा टप्पा आहे १बी-२ए. इथे पहिला प्रश्न असतो "सुरक्षित आहे का", "बरं होतं का" हा त्याच्या मागे. आणि त्या औषधाचं लक्ष्य घसा आहे. पापण्यांना त्यातून काहीही मिळणार नाही, मग पापण्यांनी वाट कशाची बघायची?

विषाणूवाटे जनुक देण्याला मी घाबरते असं समजू नका, पण हलकंही घेत नाही. २०२० मध्ये मायोट्यूब्युलर मायोपॅथी या दुसऱ्या आनुवंशिक स्नायूरोगाच्या चाचणीत तीन मुलं दगावली, पुढच्या वर्षी चौथं. त्यांना मोठा डोस शिरेतून दिला होता, यकृत बिघडलं. इथे डोस घशापुरता, गोष्ट वेगळी आहे. तरी एकदा अशा विषाणूचं औषध घेतलं की शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं आणि पुढे त्याच जातीचं सुधारलेलं औषध आलं तरी बहुधा घेता येत नाही. पहिल्या रांगेत उभं राहायची ही किंमत असते, आणि माहितीपत्रकात ती एका ओळीत उरकलेली असते.

फ्रान्समधलं एक काम मला जास्त जवळचं वाटतं. रुग्णाच्याच निरोगी राहिलेल्या स्नायूतून पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि मायोटॉमी करतानाच घशात टोचल्या. १२ रुग्ण, दोन वर्षं पाठपुरावा, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. उपचार सुरक्षित ठरला. सगळ्यांनी जगणं सुधारल्याचं सांगितलं आणि १० जणांचं गिळणं त्या काळात ढासळलं नाही. पण मायोटॉमीही सगळ्यांचीच झाली होती, मग श्रेय पेशींना द्यायचं की कात्रीला? तुलनेचा गट नव्हता. असं असलं की मला चुटपुट लागते.

तुम्हाला संशोधनाला हातभार लावायचा असेल तर ओपीएमडी रुग्णांच्या नोंदवहीत नाव घाला. औषध मिळत नाही, दर काही महिन्यांनी गिळण्याच्या मोजण्या होतात, बस. आजार आपल्या गतीने कसा सरकतो हे ठाऊक असल्याशिवाय कोणत्याही औषधाने तो थांबला की नाही हे कळत नाही. ही कंटाळवाणी कामं करणारे रुग्ण मिळत नाहीत. तुम्ही बँकेत असताना शिल्लक जुळेपर्यंत उठायचा नाहीत, तुम्हाला जमेल.

आणि "माझ्यामुळे पोरांच्या नशिबी" हे जे तुम्ही आईला म्हणालात, ते तिने मला सांगितलं. रागावू नका तिच्यावर. हो, मला आणि दादाला प्रत्येकी ५० टक्के शक्यता आहे. पण हा मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या दुसऱ्या स्नायूरोगासारखा पिढीगणिक वाढत जाणारा प्रकार नाही. आकडा बहुधा तेवढाच पुढे जातो. मला असलं तर साधारण तुमच्याच वयाला दिसेल, आणि याने सहसा आयुष्य कमी होत नाही, फुफ्फुसात अन्न जाऊन न्यूमोनिया होणं टाळलं तर. मी सध्या चाचणी करणार नाही. चाळिशीत उत्तर कळून मी वेगळं काही करणार नाही. दादाला करायची असेल तर आधी समुपदेशकाला भेटू दे, आणि त्याचा निकाल काय आला हे त्याने सांगितल्याशिवाय कुणी विचारायचं नाही. आजोबांकडून तुमच्याकडे आलं तेव्हा तुम्ही त्यांना दोष दिलात का?

आई, तुझ्याकडे तीन-चार कामं. मोजपात्रात ८० मिलिलिटर थंड पाणी घे आणि बाबा ते किती सेकंदांत संपवतात ते घड्याळ लावून बघ. ७ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर नेहमीपेक्षा जास्तच म्हणायचे. घाई करायला लावू नकोस, ठसका लागला तर तिथेच थांब. आकडा लिहून ठेव, डॉक्टर याच मोजमापाने बोलतात. दर पंधरवड्याला वजन. जेवताना हनुवटी किती खाली ठेवायची ते गिळण्याच्या एक्स-रे तपासणीनंतर थेरपिस्ट सांगतील, आपल्या मनाने काही सुरू करू नकोस. आणि भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच भेटा. स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे आणि गिळताना आत जातं, ही दोन्ही वाक्यं त्यांच्या कागदावर त्यांच्या अक्षरात उमटलेली तू डोळ्यांनी बघ. स्नायूंच्या काही आजारांत सक्सिनिलकोलीन हे भूल देताना वापरायचं औषध घातक ठरतं, म्हणून त्यांना हे आधी कळलेलं बरं, टेबलावर नको.

तारीख मिळाली की लगेच कळवा, मी रजा टाकते. ऑपरेशननंतर सुरुवातीचे दिवस डोळ्यांत थेंब सारखे घालावे लागतात आणि रात्री मलम. आई, ते सगळं तू एकटीने करायचं नाही.

तुमची,
छोटी