महापालिकेच्या मिळकतींची वही लोकांसमोर ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुणे महापालिकेत 15 मार्च 2022 पासून प्रशासक होते. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली आणि जवळपास चार वर्षांनी सभागृह पुन्हा भरले. नव्या नगरसेवकांकडे रस्ते, पाणी, कचरा यांच्या मागण्या येत आहेत आणि त्या रास्तच आहेत. आमची मागणी एकच आहे, आणि तिच्यासाठी कर्ज काढावे लागत नाही की रस्ता खोदावा लागत नाही. महापालिकेच्या मालकीची प्रत्येक जमीन, इमारत आणि गाळा यांची नोंदवही संकेतस्थळावर टाका. प्रत्येक मिळकतीसमोर सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, ती महापालिकेकडे कशी आली, सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवर आज नाव कोणाचे, ताबा कोणाचा, तो कोणत्या ठरावाने दिला, करार कधी संपतो, भाडे किती आणि थकबाकी किती, एवढे लिहा.

अशी यादी अंदाजपत्रकात किंवा ताळेबंदात सापडेल, असा अनेकांचा समज आहे. तिथे ती नसते. नगरपालिकांच्या हिशेबासाठी 2004 साली आलेल्या राष्ट्रीय लेखा नियमपुस्तिकेप्रमाणे, महापालिकेला विनामूल्य मिळालेली जमीन ताळेबंदात नाममात्र 1 रुपया किमतीने दाखवली जाते. हिशेबाच्या शिस्तीत ते चूक नाही. पण त्यामुळे भर वस्तीतला पाऊण एकराचा भूखंड ताळेबंदात रुपयाएवढाच दिसतो आणि तो हातचा गेला तर ताळेबंदाला रुपयाचाच धक्का बसतो. म्हणून रुपयांच्या नव्हे, मिळकतींच्या वहीची गरज आहे.

मिळकती हातच्या जातात त्या बहुतेक वेळा चोरीने नाही, अर्धवट राहिलेल्या कागदाने. सुविधा क्षेत्राचे, म्हणजे अॅमेनिटी स्पेसचे, उदाहरण घ्या. सध्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीप्रमाणे 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचे रेखांकन (लेआउट) मंजूर करताना काही भाग सुविधा क्षेत्र म्हणून महापालिकेला द्यावा लागतो. लेआउटमधली 10 टक्के मोकळी जागा वेगळी. ती त्या वसाहतीतल्या रहिवाशांच्या वापरासाठी असते. या दोन्हींची गल्लत झाली की नुकसान ठरलेलेच. सुविधा क्षेत्राच्या बदल्यात विकसकाला एफएसआय (त्याच जागेवर जादा बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो. महापालिकेचा अभियंता जागेवर जाऊन ताबा पावतीवर सही करतो आणि फाइल कपाटात जाते. पुढची पायरी असते फेरफाराची: तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात नोंद करून सात-बाऱ्यावर अथवा मिळकत पत्रिकेवर महापालिकेचे नाव लावायचे. ती राहून जाते. मोबदला देऊन झालेला असतो, ताबा कागदावर घेतलेला असतो आणि सात-बारा मात्र जुन्याच मालकाच्या नावाने निघतो. वीस वर्षांनी वारसांच्या नोंदी होतात, जागेला पत्रे ठोकले जातात, आणि महापालिकेला स्वतःच्याच जागेसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते.

2021 मध्ये पुण्यात हेच भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव आला आणि त्याला मोठा विरोध झाला. भाडेपट्टा द्यावा की नाही यावर मतभेद असू शकतात. पण कोणता भूखंड कुठे आहे, त्यावर दवाखाना हवा की उद्यान, त्याचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे, हे रहिवाशांना माहीत नसताना त्यावर चर्चा तरी कशी व्हायची?

समाविष्ट गावांची परिस्थिती याहून नाजूक आहे. 2017 मध्ये 11 आणि जून 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली (त्यातली काही पुढे वेगळी झाली). ग्रामपंचायतीला ठरलेल्या नमुन्यांत दप्तर ठेवावे लागते. नमुना 22 म्हणजे स्थावर मालमत्तेची नोंदवही, नमुना 23 रस्त्यांची आणि नमुना 24 जमिनीची. लहानशा ग्रामपंचायतीवर जे बंधन आहे, ते दप्तर महापालिकेत आल्यावर पुढे चालू राहायला हवे होते. या गावांतल्या रहिवाशांना आमचे सांगणे असे: समाविष्ट होण्याच्या दिवशीचे नमुना 22, 23 आणि 24 आणि दप्तर हस्तांतरणाची सहीची यादी माहिती अधिकारात मागा. समाजमंदिर, व्यायामशाळा, बाजाराचे ओटे, पाण्याच्या टाकीखालची जागा, ग्रामपंचायतीने बांधलेले गाळे, हे सगळे तिथे ओळीने लिहिलेले असते. मग त्यातली प्रत्येक ओळ आज महापालिकेच्या कोणत्या खात्याकडे आहे, हे विचारा.

भाडेपट्ट्यांबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 नुसार स्थावर मालमत्ता विकताना किंवा भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. करार संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला बाहेर काढण्यासाठी कलम 81-ब आहे. (मुंबईचा 1888 चा कायदा वेगळा आहे, पण दुखणे तेच आहे.) अडचण येते ती मुदत संपल्याचे कोणी वेळेत पाहत नाही म्हणून. महालक्ष्मी रेसकोर्सचेच पाहा. सुमारे 211 एकर जागा, काही राज्य सरकारची आणि काही मुंबई महापालिकेची. भाडेपट्टा 31 मे 2013 रोजी संपला आणि पुढे काय करायचे याचा निर्णय व्हायला 2024 उजाडले. इतक्या डोळ्यांसमोरच्या जागेला अकरा वर्षे लागतात, तर एखाद्या पेठेतल्या मंडईच्या मागच्या गाळ्याची मुदत कोण पाहणार? नोंदवहीत ‘करार संपण्याची तारीख’ हा रकाना आम्ही आग्रहाने मागतो तो यासाठी. तारखेप्रमाणे यादी लावली की येत्या वर्षभरात कोणते करार संपत आहेत, ते कोणालाही दिसेल.

आणखी एक तारीख जवळ येत आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा 5 जानेवारी 2017 रोजी मंजूर झाला. एमआरटीपी कायद्याच्या, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम 127 नुसार, आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उद्यानाची किंवा शाळेची ती जागा कायमची सुटते. मालकाचा यात दोष नाही. मोबदल्याविना जमीन अडकवून ठेवणे त्याच्यावरही अन्यायच आहे. पण 2027 च्या सुरुवातीपासून अशा नोटिसा येऊ लागतील, तेव्हा कोणत्या आरक्षणांचा ताबा आला, कोणती बाकी आहेत आणि त्यांतली कोणती आधी घ्यायची, हे आजच ठरलेले हवे. ती यादी नगररचना आणि भूसंपादन विभागांनी मिळून प्रभागवार प्रसिद्ध करावी.

महापालिका वही देईपर्यंत नागरिकांनी हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. आपल्या प्रभागापुरती ती तयार करता येते. 2017 नंतरच्या प्रकल्पांचे मंजूर नकाशे महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर मिळतात. नकाशाच्या कोपऱ्यातला क्षेत्रफळाचा तक्ता वाचा. सुविधा क्षेत्र, मोकळी जागा आणि रस्तारुंदीत गेलेली जागा तिथे वेगवेगळी दाखवलेली असते. त्याच सर्व्हे नंबरचा डिजिटल सहीचा सात-बारा 15 रुपयांत निघतो. नकाशावर ‘महापालिकेकडे हस्तांतरित’ आणि सात-बाऱ्यावर दुसरेच नाव असेल, तर ती तुमच्या यादीतली पहिली नोंद. भाडेपट्ट्यांसाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) पाहा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे कायद्याने सक्तीचे आहे. सूचीत मुदत आणि मोबदला दोन्ही दिसतात.

भाडे वाजवी आहे का, ते रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमीन-इमारतींच्या दरांवरून, ताडून पाहता येते. समजा गाळा 25 चौरस मीटरचा आहे आणि त्या विभागाचा दर चौरस मीटरला 1,20,000 रुपये आहे. किंमत झाली 30 लाख. भाडे महिना 1,500 असेल तर वर्षाचे 18,000, म्हणजे किमतीच्या 0.6 टक्के. तिथे अंगणवाडी किंवा अभ्यासिका चालत असेल तर आमची तक्रार नाही; शहराने अशा कामाला सवलत द्यावीच. पण करार संस्थेच्या नावाने आणि आत कपड्यांचे दुकान असेल, तर वीजबिल, मिळकतकराचे बिल आणि गुमास्ता परवाना यांवरची नावे पडताळा. पोटभाडेकरू तिथेच सापडतो.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना आपल्याकडे नेहमीच्या काही गोष्टी चुकतात. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. ‘भाडे इतके कमी का?’ असे विचारले की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर येते. कागद मागा: अमुक पत्त्यावरच्या मिळकतीचा ठराव, मूल्यांकन अहवाल, करारनामा, ताबा पावती आणि मागील पाच वर्षांची भाडे मागणी व वसुलीची नोंद. सगळ्या शहराची माहिती एका अर्जात मागू नका. ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असे उत्तर आलेच, तर कलम 7(9) दाखवा. ते माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याविषयी आहे, नाकारण्याची मुभा देत नाही. अशा वेळी अवलोकन, म्हणजे कार्यालयात जाऊन फाइल स्वतः पाहणे, मागणे उत्तम. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहू देण्याची पद्धत पुण्यात 2009 पासून रुळली आणि 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने ती राज्यभर नेण्यात आली. ही सोय कुठे मिळाली नाही, तरी अवलोकनाचा हक्क मूळ कायद्यातच आहे. फाइल समोर आली की आधी पानांवर क्रमांक आहेत का ते बघा, आणि टिपणीची बाजू, म्हणजे अधिकाऱ्यांनी आपसात लिहिलेले शेरे, पत्रव्यवहाराइतकीच लक्ष देऊन वाचा. लेखा विभागाने भाडे वाढवा असे लिहिलेले असते आणि पुढच्याच पानावर जुन्या दराने मुदतवाढ दिलेली असते. मधले कारण त्या टिपणीतच मिळते. हवी ती पाने दोन रुपये प्रत्येकी या दराने साक्षांकित करून घ्या.

भाडेकरूचे नाव ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून झाकण्याचा धोका आता वाढला आहे, कारण 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील कलम 8(1)(ञ) बदलले. पण ज्यांना सवलती, परवाने किंवा अधिकारपत्रे दिली त्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन कलम 4(1)(ख) मध्ये तेराव्या क्रमांकावर तसेच आहे, आणि व्यापक जनहिताचे कलम 8(2) देखील. अर्जात या दोन्हींचा उल्लेख आधीच करा. 30 दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या 30 दिवसांत 20 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून पहिले अपील करा. मुदत उलटल्यावर माहिती विनाशुल्क द्यावी लागते. ‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 नुसार जबाबदारी निश्चित करण्याची लेखी मागणी करा. अभिलेख गहाळ करणे हा त्या कायद्याखाली शिक्षेस पात्र गुन्हा आहे, आणि एवढे लिहून दिले की पुष्कळदा फाइल सापडते.

नव्या सभागृहाकडे आमच्या दोन मागण्या तातडीच्या आहेत. प्रशासकांच्या काळात स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. त्या काळात कलम 79 खाली मंजूर झालेल्या प्रत्येक भाडेपट्ट्याची, मुदतवाढीची आणि सवलतीची यादी ठराव क्रमांकासह सभेच्या पटलावर ठेवावी. आम्ही त्या निर्णयांवर संशय घेत नाही. पण ते सभेत चर्चेविना झाले आहेत, म्हणून निदान वाचले तरी जावेत. दुसरे, मुख्य लेखापरीक्षकांच्या अहवालांत मिळकतींबाबतची ‘आक्षेपाधीन’ (जिच्यावर आक्षेप घेतला आहे) आणि ‘वसूलपात्र’ (जी वसूल करायला हवी) म्हणून जी रक्कम दाखवली आहे, तिच्यातून किती वसूल झाली, हे विभागवार सांगावे.

वहीची पहिली आवृत्ती अपुरी असली तरी चालेल. जो रकाना माहीत नाही तो कोरा ठेवून प्रसिद्ध करा, अंदाजाने भरू नका. जुन्या सोसायट्यांकडे मंजूर नकाशे, ताबा पावत्यांच्या प्रती, विकसकाशी झालेले करार आहेत. महापालिकेकडे नसलेला कागद तिथे मिळू शकतो. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात महिन्यातून एक दिवस मालमत्ता व्यवस्थापन विभागाचा एक कर्मचारी स्कॅनर घेऊन बसवावा, आणलेल्या कागदाची पोच द्यावी आणि तो कागद वहीतल्या त्या मिळकतीच्या नोंदीला जोडावा.

आपले,
काही करदाते नागरिक, पुणे