कानस लावण्याआधी नाण्याचा काठ वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या सातारा जिल्ह्यात पलटणीत गेलेला माणूस नाही असे गाव शोधावे लागेल. या माणसांनी येताना आणलेली परदेशी चांदीची नाणी आजही कुठे ट्रंकेत, कुठे देव्हाऱ्यात आहेत. चांदीचा भाव चढला तशी ती मोडीत निघू लागली आहेत, म्हणून हे पत्र.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. ही बटालियन १९४१ साली आफ्रिकेतल्या इरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढली. तिकडून त्यांनी एक जाडजूड नाणे आणले होते. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी भरदार बाई, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा गरुड, साल १७८०. आई ते दर लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडते. मागच्या वर्षी मी ते एका सराफाकडे दाखवायला नेले. त्यांनी मला न विचारता काठावर कानस मारली, तेजाबाचा थेंब टाकला आणि म्हणाले, "चांदी आहे, पण नाणं नकली. १७८० चं नाणं एवढं कोरं कसं राहील?"

प्रश्न रास्त होता, निष्कर्ष चुकीचा. ती बाई म्हणजे ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा. ती १७८० साली वारली, पण अरबस्तान आणि हबसाणातले (आजच्या इथिओपियातले) व्यापारी तिच्याच नाण्यावर विश्वास ठेवत. त्यामुळे तेच साल कायम ठेवून हे नाणे, म्हणजे थेलर, पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ पाडले गेले. व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनमध्ये आणि १९४०-४१ साली चक्क आपल्या मुंबईच्या टांकसाळीत, हबसाणच्या मोहिमेसाठी. म्हणजे मुंबईत पडलेले नाणे आफ्रिकेत जाऊन साताऱ्याच्या शिपायाच्या खिशातून परत आलेले असू शकते! अशा नाण्याला नकली म्हणणे जितके चूक, तितकेच ते 'अडीचशे वर्षांपूर्वीचे' म्हणून विकणेही चूक. सालावरून काहीच ठरत नाही.

खरी खूण काठावर असते. थेलरच्या काठावर उठावदार लॅटिन अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ 'न्याय आणि दया'. साच्यात ओतलेल्या नकलेत ती बुजलेली दिसतात, कधी काठावर सांध्याची रेघही सापडते. आमच्या नाण्याची नेमकी तीच अक्षरे कानशीखाली गेली, याचे दुःख अजून जात नाही.

वजन २८.०७ ग्रॅम, व्यास सुमारे ४० मिलिमीटर, चांदी ८३३ टंच, म्हणजे हजारात ८३३ भाग शुद्ध. घरी तपासायचे तर छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात बुडवावे, तळाला टेकू देऊ नये. काटा पावणेतीन ग्रॅमच्या आसपास थांबला तर धातू बरोबर. जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या मिश्रधातूचे, तेवढ्याच वजनाचे नाणे सव्वातीनच्या जवळ जाते. अर्थात, कडी डाकलेली असेल तर हा हिशेब चुकतो. हॉलमार्क केंद्रातले यंत्र ओरखडा न पाडता टंच सांगते, पण ते फक्त वरचा थर वाचते. जाड मुलाम्याला फसते. लोहचुंबकाला चिकटले तर मात्र पुढे काही बघायलाच नको.

आणि कृपा करून चिंच-रांगोळीने घासू नका. आमच्या आईने वर्षानुवर्षे प्रेमाने घासले, महाराणीच्या खांद्यावरच्या ब्रोचचे मोती आता मोजता येत नाहीत.

नाणे कोणत्या टांकसाळीचे, हे अशाच बारीक खुणांवरून जाणकार सांगतात. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाने महिन्यातून एक दिवस अशा जाणकारांना बोलावून लोकांची घरची नाणी पाहण्याची सोय करावी, ही विनंती. पहिल्या दिवशी आमचे नाणे, कानशीच्या खुणेसकट, मी घेऊन येईन.

आपला,
एक वाचक, सातारा