मायक्रोवेव्ह प्लास्टिक जोडत नाही, मधली पट्टी जोडते

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘मायक्रोवेव्हने जोडा प्लास्टिक’ अशी छोटी चौकट होती. माहिती खोटी नाही, पण अर्धी आहे. ती वाचून दोन गिऱ्हाइकांनी ‘आता तुमची गरम हवेची गन मोडीत काढा’ असे मला तोंडावर सांगितले, म्हणून हे पत्र.

म्हापशात माझे दुरुस्तीचे दुकान आहे. गरम हवेची गन आणि प्लास्टिकची कांडी घेऊन टाक्या, क्रेट, पिंपे सांधण्यात २२ वर्षे गेली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मालीम जेटीवरचे ट्रॉलरवाले चिरलेले क्रेट आणून टाकतात. बांगड्याचे तेल राहिले तर सांधा धरत नाही, म्हणून आधी साबणाने दोनदा धुवायचे, मग उन्हाने मेलेला वरचा थर पात्याने खरवडायचा. एवढे करून गनची उष्णता बाहेरूनच आत जाते. जाड भिंतीच्या टाकीत वरचे प्लास्टिक करपायला लागते, तरी आतले अजून मऊ झालेले नसते. आमच्या धंद्याचे खरे दुखणे हे आहे.

मायक्रोवेव्हची गंमत इथेच आहे. क्रेटचे प्लास्टिक म्हणजे एचडीपीई, साधारण १३० अंशांना वितळणारे. पण मायक्रोवेव्ह लहरी त्यातून जवळजवळ आरपार जातात. डब्यात भात गरम करा. डबा तापतो तो भातामुळे. मग सांध्यात ‘भात’ कोण व्हायचे? तर वीज वाहून नेणारे प्लास्टिक. त्यातले एक पॉलिॲनिलीन, आम्लाने भारलेले असताना हिरवे दिसणारे. त्याची भुकटी एचडीपीईच्या भुकटीत मिसळून, दाबून पातळ पट्टी करायची आणि दोन तुकड्यांच्या मध्ये ठेवायची. लहरींनी ती पट्टी तापते, शेजारचे दोन्ही पृष्ठभाग वितळवते, आणि वरून दाब देऊन थंड केले की सांधा होतो. बाकीचा तुकडा गारच. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात नव्वदच्या दशकात यावर काम झाले. दाब आणि तापवण्याचा वेळ यांवर सांध्याची ताकद ठरते, हे त्यांनाही दिसले. दाबाचे महत्त्व आम्हाला गन धरूनच कळले होते! वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २०००चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तुमच्या चौकटीत पट्टीचे नावही नव्हते.

त्या नसलेल्या नावापायी आमच्या घरी काय झाले ते सांगतो. पुतण्याने चौकट वाचली, डब्याच्या तुटलेल्या झाकणाच्या फटीत पेन्सिलीच्या शिशाची पूड भरली आणि ओव्हन लावला. ठिणग्या उडाल्या, धूर झाला, झाकणाला बोटभर भोक पडले. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, तेही वीज वाहून नेते, पण ती सुटी पूड होती. प्लास्टिकमध्ये नीट मिसळलेली नव्हती आणि वरून दाबही नव्हता. ओव्हनचा वास चार दिवस गेला नाही, आणि बायकोने दोघांशी बोलणे टाकले. वाचकांनी हा उद्योग घरी करू नये, एवढे तरी छापा. मिठाच्या आम्लाने भारलेले पॉलिॲनिलीन तापून आम्लाच्या वाफा सोडू शकते आणि ओव्हनचे दार उघडे ठेवून काम करणे तर जिवावरचे आहे.

माझी हजार लिटरची टाकी ओव्हनमध्ये मावणार नाही, हे वेगळे सांगायला नको. ही पद्धत कारखान्यात एकाच मापाचे भाग शेकड्याने जोडणाऱ्यांच्या कामाची. तिचा मला आवडलेला गुण मात्र दुसराच आहे: पट्टी सांध्यातच राहते, त्यामुळे पुन्हा लहरी सोडून तो सांधा सोडवताही येतो. गनने केलेला सांधा सोडवायचा तर करवतच लागते. दुरुस्त करायच्या वस्तू बनवणाऱ्याने याचा विचार करायला हवा.

गोव्यात रसायनशास्त्र शिकवणारी महाविद्यालये कमी नाहीत. एखाद्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांकडून अशी पट्टी करून पाहायची असेल, तर माझ्याकडे आठ चिरलेले क्रेट पडून आहेत. दोन गनने सांधून देतो, दोन त्यांनी पट्टीने सांधावेत, मग चारही क्रेटांत बर्फ आणि मासे भरून जेटीवर आदळू. धुण्याचे काम माझ्याकडे.

— एक दुरुस्तीवाला, म्हापसा