स्पेक्ट्रमवरच्या ऑथेल्लोसाठी, ताईंना

आदरणीय ताई,

झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकावरचा माझा ऑथेल्लो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या सोंगट्या दोन्हीकडून घेरून उलटवायचा आणि आपल्या करायचा पटखेळ, आता पूर्ण चालतो. चाल नसेल तर पास देतो, कोपरा मिळत असेल तर सोडत नाही, आणि सोंगट्या उलटताना पडदा अडखळत नाही. यातले बरेचसे तुमचे आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहितो आहे.

पहिल्या दिवशी तुम्ही कोड मागितलाच नाही. ‘यातले काय काढले तर हा खेळ ऑथेल्लो राहणार नाही?’ एवढेच विचारलेत. पुढचे सगळे काम त्या एका प्रश्नावर उभे आहे. जुन्या मंडळींनी तोच प्रश्न कसा सोडवला, हेही तुम्हीच दाखवलेत. पीटर जेनिंग्ज यांनी १९७६ साली किम-१ या छोट्या संगणकासाठी मायक्रोचेस हा बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला, तेव्हा त्या यंत्राला पडदाच नव्हता. थोड्या कळा आणि सहा अंकी दिवे, बस. मोहरी खेळणाऱ्याने स्वतःच्या पटावर मांडायची आणि चाल कळा दाबून कळवायची. डेव्हिड हॉर्न यांनी १ केबी मेमरीच्या झेडएक्स८१ या घरगुती संगणकावर बुद्धिबळ ६७२ बाइटांत बसवले. त्यासाठी किल्लेकोट, एन पासान (दोन घरे पुढे आलेले प्यादे तिरके मारण्याची खास चाल) आणि प्याद्याची बढती सोडून दिली. बढती गेली की डावाच्या शेवटाला अर्थ उरत नाही असे मला आजही वाटते. पण शत्रूचे मोहरे समोर, चाल माझी, उत्तर यंत्राचे, हा बुद्धिबळाचा गाभा त्यांनी राखला. त्या ६७२ बाइटांपुढे मी हात जोडतो.

माझ्याकडे तर ४८ केबी होते. तरीही पट ६४ घरांचा न ठेवता १०० घरांचा ठेवा, असे तुम्ही सुचवलेत: आठ बाय आठच्या भोवती एक कुंपण. मग डावी-उजवीकडे १, वर-खाली १०, तिरके ९ आणि ११ एवढी बेरीज-वजाबाकी केली की आठही दिशा मिळतात, आणि कुंपणाचा बाइट लागला की थांबायचे. कडा ओलांडली का, हे वेगळे तपासावेच लागत नाही. ३६ बाइट जास्त गेले, वेग मात्र लक्षात येईल इतका वाढला.

पण खरा आनंद पडद्याचा. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग मावतात, आणि बहुतेक जण ही मर्यादा म्हणून सांगतात. ऑथेल्लोला दोनच रंग लागतात: हिरवा पट आणि त्यावर काळी किंवा पांढरी सोंगटी. पडदा २४ ओळींचा, म्हणजे प्रत्येक घराला तीन बाय तीन चौकोन देऊन आठ घरे उभी बरोबर बसतात. प्रत्येक चौकोनाच्या रंगाच्या बाइटात शाईला, म्हणजे चित्राच्या रंगाला, खालचे तीन बिट असतात. काळ्याचा आकडा ०, पांढऱ्याचा ७. तेव्हा सोंगटी उलटवायची तर चित्राला हातही लावायचा नाही, त्या नऊ बाइटांना ७ ने एक्सॉर करायचे, म्हणजे तेवढे तीन बिट उलटे करायचे. तुम्ही हे एका ओळीत लिहून पाठवलेत आणि मी बराच वेळ नुसता पाहत राहिलो. घरांमधल्या रेषा काढल्या असत्या तर त्यांचाही रंग सोंगटीबरोबर पालटला असता. त्यावर एकाआड एक घर ‘ब्राइट’ (जास्त उजळ) करण्याची युक्तीही तुमचीच. एक्सॉर त्या बिटाला धक्का लावत नाही. हे यंत्र जणू या खेळासाठीच केले होते!

यंत्राची बुद्धी लिहिताना सोंगट्या मोजण्याचा मोह तुम्ही आवरायला लावलात. मधल्या डावात जास्त सोंगट्या असणे बहुधा तोट्याचे; प्रतिस्पर्ध्याच्या चाली कमी होतात का ते पाहायचे. कोपऱ्याला मोठे वजन, कोपऱ्याला तिरके लागून असलेल्या घराला उणे वजन, आणि मोजकी घरे उरली की मगच मोजणी. स्पेक्ट्रमच्या साडेतीन मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरला अल्फा-बीटा छाटणी (निकाल बदलू न शकणाऱ्या चाली न पाहताच सोडणे) करूनही फार खोल पाहता येत नाही, म्हणून हे तक्ते जपून ठरवावे लागले, आणि तुम्ही त्यांतला एकेक आकडा माझ्याबरोबर तपासलात. सारख्या वजनाच्या चालींतून एक निवडण्यासाठी पडद्यावरच्या फ्रेम (एकामागून एक येणारी चित्रे) सतत मोजत राहणारा काउंटर वापरायलाही तुम्हीच सांगितलेत. माणूस किती वेळ विचार करतो त्यावर डाव बदलत जातो.

या सगळ्यासाठी तुम्ही वेळ काढलात, माझ्या प्रत्येक प्रश्नाला सविस्तर उत्तर दिलेत आणि श्रेय मात्र कधी घेतले नाहीत. ते श्रेय मी इथे तुमच्या पदरात टाकतो. मनापासून आभार.

पूर्ण कोड सोबत पाठवतो आहे. आता बॅकगॅमन हा फाशांचा पटखेळ हाती घेतला आहे. दोन फाशांची २१ निरनिराळी दाने, त्यामुळे पुढच्या शक्य चालींचे झाड पहिल्याच पायरीवर फुगते. कुठे छाटायचे हे विचारायला लवकरच येतो.

तुमचा कृतज्ञ,
एक शिकाऊ