उंदीर कुठला तेही छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात परत तसलीच बातमी, 'उंदरांवर प्रयोग यशस्वी', लस लवकरच माणसांना वगैरे. सगळं होतं बातमीत, उंदीर कुठल्या जातीचा तेवढं नव्हतं. म्हणाल म्हाताऱ्याला उद्योग नाही, पण मी परळच्या एका लॅबच्या ॲनिमल हाऊसमधे आयुष्य काढलंय, पिंजऱ्यातला भुसा बदलण्यापासून सगळं केलंय, आणि तिथे नुसतं 'उंदीर' कोणी म्हणत नाही, बाल्ब-सी म्हणतात नाहीतर ब्लॅक सिक्स. निदान २० पिढ्या सख्ख्या भावा-बहिणीचीच जोडी लावायची तेव्हा अशी जात तयार होते, मग त्यातले सगळे जवळपास जुळे.

लेश्मानिया मेजर म्हणून एक परजीवी आहे, वाळूमाशी चावून पसरतो. दोघांना सारखाच डोस द्या, काळ्या ब्लॅक सिक्सची जखम काही आठवड्यांत भरते, पांढरा बाल्ब-सी जातो. खाणं तेच, पिंजरा तोच, फरक जीन्सचा. ब्लॅक सिक्सच्या टी पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, गॅमा इंटरफेरॉन नावाचं इशाऱ्याचं रसायन सोडतात, त्याने मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, चवताळतात आणि आपल्याच पोटात बसलेल्या परजीवीला मारतात. बाल्ब-सीच्या टी पेशी वळतात इंटरल्यूकिन ४ या दुसऱ्याच इशाऱ्याकडे, अँटिबॉडी भरपूर पण चोर खोलीत आणि वॉचमन गेटवर, काय उपयोग!

बरं, ब्लॅक सिक्स भारी असंही समजू नका, बीसीजी या टीबीच्या लसीतल्या जंतूंना सुरुवातीला आवरायला तो आणि बाल्ब-सी दोघंही ढिले, कारण दोघांच्यात एनरॅम्प-१ या जीनचा तोच बिघडलेला प्रकार, प्रोटीनमधलं एकच अमिनो ॲसिड बदललेलं. १९९३ मधे सापडला हा जीन. आणि न्यूड माऊस तर विचारूच नका, एक फॉक्स-एन-१ जीन बिघडला की अंगावर केस नाहीत आणि थायमसही नाही, म्हणजे टी पेशींची शाळाच बंद, माणसाच्या कॅन्सरची गाठ लावली तरी निमूट वाढू देतो.

आता मुंबईत टीबी काय ते कोणाला सांगायला नको, आमच्या बिल्डिंगमधे लसीची बातमी आली की लगेच व्हॉट्सॲपवर फिरते, लोक मला विचारतात काका कधी मिळणार, आणि मी काय सांगू, एका जातीत चाललं ते शेजारच्या पिंजऱ्यात चालेल याचीही गॅरंटी नसते.

दोन शब्द जास्त लागतील, जातीचं नाव छापा. जागाच नसेल तर निदान तो फोटो तरी छापू नका, प्रत्येक बातमीला तोच पांढरा उंदीर लावता, प्रयोग काळ्यावर झाला असला तरी.

एक वाचक, लालबाग