लाईट सुरू होण्याआधी दात काढून घ्या, बाबा

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता तिथे लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायची आहे. त्याआधी खराब दात काढून घ्या म्हटलं, तर काल फोनवर बाबा म्हणाले, "दुखत नाहीत ते दात कशाला काढायचे? आधी लाईट होऊ दे, मग बघू." फोनवर बोलले की आपलं भांडणच होतं, म्हणून लिहिते. दोघं मिळून वाचा.

बाबा, लाईट झाल्यावर हे दात काढणं आजच्याइतकं सोपं राहणार नाही. रेडिएशन गालावर दिलं तरी ते खालच्या जबड्याच्या हाडातून जातं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या कायमच्या आक्रसतात. ठिबकची नळी बुजली की खोडाला पाणी पोचत नाही, तसंच हे. अशा हाडातला दात उपटला तर जखम भरून न येण्याची भीती असते. तसं झालं तर हाड उघडं पडतं, हळूहळू मरतं, कधीकधी जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. ही भीती वर्ष-दोन वर्षांनी सरत नाही, ती जन्मभर राहते. तुमच्या खालच्या दोन दाढा हलतात आणि एक मुळापर्यंत किडली आहे. आज दुखत नसल्या तरी त्या पुढे त्रास देणारच, आणि तेव्हा त्या काढणं धोक्याचं असेल.

घाई का, तेही सांगते. दात काढल्यावर जखम भरायला निदान 10 ते 14 दिवस लागतात, त्यानंतरच लाईट सुरू करता येते. आणि ऑपरेशन झाल्यापासून साधारण 6 आठवड्यांच्या आत लाईट सुरू व्हायला हवी, तिला उशीर परवडत नाही. म्हणून दात याच आठवड्यात निघाले पाहिजेत. केळीच्या कांदेबागेची कामं थांबतील, हे थांबणार नाही.

आता लाईटच्या दिवसांचं. आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, चव जाते, लाळ घट्ट होऊन कमी होते. शेवभाजी, ठेचा, भरीत, कळण्याची भाकरी हे सगळं तेव्हा बंद. आई, मऊ खिचडी, दूध-भात, पातळ वरण असंच दे, कोमट करून, बिनतिखट. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून ठेव. दर दोन-तीन तासांनी बाबांनी गुळण्या करायच्या, पाणी गिळायचं नाही. दुकानातलं झोंबणारं माउथवॉश आणू नकोस, त्यातल्या अल्कोहोलने तोंड आणखी कोरडं पडतं. लाल दंतमंजन आणि कडुलिंबाची काडी बाजूला ठेवा, अगदी मऊ ब्रशच वापरा. वरची कवळीही तोंड बरं होईपर्यंत काढूनच ठेवायची.

लाळेचं मला सगळ्यात जास्त वाटतं. तोंडातली आंबटाई धुऊन दातांना जपते ती लाळच. ती आटली की चांगले दातही काही महिन्यांत हिरडीजवळून किडायला लागतात. त्यासाठी दातांचे डॉक्टर बाबांच्या दातांचं माप घेऊन साचे करून देतील. रोज रात्री त्यात फ्लोराइडचं जेल घालून ते सांगतील तितकी मिनिटं दातांवर बसवायचं, थुंकायचं आणि पुढचा अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. लाईट संपली म्हणून हे संपत नाही, दात आहेत तोवर चालू ठेवायचं. एरवी पाण्याची बाटली कायम हाताशी हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 ला टेकतो, कोरड्या तोंडाला तो फार जाचेल. तोंड ओलं राहावं म्हणून गोळ्या-बिस्किटं चघळत बसू नका, किडीला तेच हवं असतं.

तोंड उघडण्याचा व्यायामही आजपासूनच. बाबा, तीन बोटं उभी तोंडात मावतात का ते रोज बघा. जबड्याचे स्नायू एकदा आखडले की घास जात नाही, ब्रशही आत जात नाही.

आई, तुझ्या मशेरीचं आता बोलतेच. बाबांनी तंबाखू सोडली आणि घरात तुझी डबी तशीच राहिली तर त्यांना किती जड जाईल! आणि मला तुझ्याही तोंडाची काळजी वाटते. तूही त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखव. गालात कुठे पांढरा चट्टा असेल तर लपवू नकोस.

पुढे कधीही दाढ ठणकली तर गावातल्या कुणाकडे जाऊन ती उपटून घेऊ नका, बाबा. दहा वर्षांनी दुखली तरीही. आधी सांगायचं, "या जबड्याला लाईट दिली आहे," आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही. हे एका कागदावर लिहून मी तुमच्या आधार कार्डासोबत ठेवणार आहे.

गुरुवारी सकाळी जळगावच्या दवाखान्यात नंबर लावला आहे. मी बुधवारी रात्री घरी पोचते. जबड्याचा एक्सरे, ऑपरेशनचे कागद आणि रक्त पातळ करायच्या गोळीची चिठ्ठी एका पिशवीत काढून ठेवा. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच ठरवू. आणि सकाळी नीट जेवून निघायचं, दात काढल्यावर काही तास धड खाता येणार नाही.

तुमची,
ताई