क्रेपचं पीठ मुरू दे

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. तू क्रेपच्या, म्हणजे फ्रान्समधल्या त्या पातळ धिरड्यांच्या, तयार मिश्रणाचं पाकीट आणलंस, त्यावर लिहिल्याप्रमाणे सगळं केलंस, तरी क्रेप जाड आणि चिवट झाले, आणि सुरुवातीचे तर तव्यालाच धरून बसले. २ फेब्रुवारीला, क्रेपच्या सणाला म्हणजे शांदलरला, वर्गातली मुलं तुझ्या खोलीवर येणार आहेत, म्हणून तू घाईने उपाय विचारला आहेस. तुझ्या वर्णनावरून मला वाटतं, पिठाला मुरायला वेळ मिळाला नाही आणि तव्याची आच जमली नाही. या दोन गोष्टी सांभाळल्यास तर त्या पाकिटाची गरजच उरणार नाही.

अडीचशे ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध, तीन मोठी अंडी, पन्नास ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात चोवीस सेंटिमीटरच्या तव्यावर बारा ते पंधरा क्रेप होतात. मुलं जास्त असतील तर सगळं दुप्पट घे. साखर पिठात घालू नकोस असं माझं मत आहे. अनेकजण घालतात, पण साखरेने क्रेप लवकर लाल होतो आणि नवख्या हाताला तो करपायच्या आत उलटणं जमत नाही. गोडी वरून घालता येते.

मैदा घेताना पाकिटावरचा आकडा बघ. टी ४५ घे, नाही मिळाला तर टी ५५ चालेल. पीठ जाळल्यावर किती राख उरते यावरून हा आकडा ठरतो. आकडा जितका लहान, तितका कोंडा कमी आणि पीठ पांढरं. दूध लाल झाकणाचं आण, ते सायीसकटचं असतं. निळ्या झाकणाचं, म्हणजे अर्धी साय काढलेलं, चालतं. हिरव्या झाकणाचं मात्र नको, त्यात साय काहीच नसते. दूध फ्रीजमधून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेव. गार दुधात वितळलेलं लोणी पडलं की त्याचे बारीक कण थिजतात आणि तव्यावर प्रत्येक कणाचा वेगळा डाग उठतो.

आता कालवणं. मोठ्या भांड्यात मैदा आणि मीठ घेऊन मधोमध आळं कर आणि त्यात अंडी फोड. मधून सुरुवात करून कडेचं पीठ थोडं थोडं आत ओढत ढवळ. घट्ट झालं की दुधाची एक धार, पुन्हा ढवळणं, पुन्हा धार. सगळं दूध एकदम ओतायचा मोह होईल, तो आवर. गुठळ्या मोडतात त्या पीठ घट्ट असतानाच. एकदा ते पातळ झालं की गुठळी नुसती तरंगत राहते आणि कितीही ढवळलं तरी हाती लागत नाही. निम्मं दूध जाईपर्यंत पीठ गुळगुळीत झालेलं असलं पाहिजे, मग उरलेलं निर्धास्त ओत. शेवटी वितळवून कोमट केलेलं लोणी घाल. तरीही गुठळ्या राहिल्याच तर चाळणीतून गाळून घे. इलेक्ट्रिक मिक्सर लावू नकोस. त्याने फेस धरतो, आणि फार फेटलं की मैद्याला ताण येऊन क्रेप चिवट होतो. तुझ्या क्रेपचं तेच झालं असावं.

यानंतर भांडं झाकून किमान एक तास ठेवून दे. ही पायरी लोक सर्रास गाळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मैद्याचे कण त्या तासाभरात दूध शोषून फुगतात. ढवळताना ताणले गेलेले ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे, धागे सैल पडतात, त्यामुळे पीठ तव्यावर आखडत नाही, आपणहून पसरतं. वर आलेले बुडबुडे बसतात. तू सकाळी वर्गाला जायच्या आधी कालवून फ्रीजमध्ये ठेवलंस तर सर्वांत उत्तम. संध्याकाळी ते दाट झालेलं दिसेल, दोन-चार चमचे पाणी घालून पुन्हा पळीवाढं करून घे. चमचा बुडवून बाहेर काढ. पाठीवर पातळ थर राहिला, त्यावर बोटाने रेघ ओढली आणि ती भरून आली नाही, तर पीठ बरोबर झालं.

मी रेन शहरात शिकत असताना ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो त्या आजी मूळच्या फिनिस्तेरच्या, ब्रेतान्य या वायव्य फ्रान्समधल्या प्रांताच्या पार पश्चिम टोकाच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात वजनकाटा नव्हता. सगळं माप एका वाडग्याचं आणि उरलेलं डोळ्यांचं. सैल करायला त्या दूध कधीच घालत नसत, पाणीच घालत. पाण्याने क्रेप हलका होतो, कडा कुरकुरीत सुटतात. हे मी त्यांच्याकडून उचललं आणि आजवर बदललेलं नाही. त्यांच्याकडे बिलिग होती, म्हणजे बिडाची मोठी, सपाट, बिनकाठाची गोल तवी. तिच्यावर पीठ घालून रोझेल नावाच्या लाकडी दांडीने ते गोल फिरवत पसरायचं आणि लांब, पातळ लाकडी उलथन्याने उचलायचं. ते पाहायला फार सुंदर आहे, पण तुला यातलं काही विकत घ्यायचं नाही. इलेक्ट्रिक क्रेपयंत्रही नको. कमी काठाचा, न चिकटणारा एक चांगला तवा पुरे.

सगळं अवघड आहे ते आचेत. तुझ्याकडे विजेची शेगडी आहे. ती सावकाश तापते आणि सावकाशच निवते, त्यामुळे तवा फार तापल्यावर बटण कमी केलं तर तोवर दोन क्रेप करपलेले असतात. मध्यम आचेवर ठेवून तीन-चार मिनिटं थांब, मोठी करू नकोस. कागदी रुमालाची घडी लोण्यात बुडवून तव्यावरून पुसून घे. लोण्याचा बारीक चुरचुर आवाज यायला हवा. लोणी लगेच काळपट झालं तर तवा जास्त तापला आहे. नुसतंच वितळून शांत बसलं तर अजून थांबायचं.

मग डाव्या हाताने तवा उचल, उजव्या हाताने पळीभर पीठ, साधारण साठ मिलिलिटर, मधोमध ओत आणि त्याच क्षणी मनगट वळवत तवा चारी बाजूंना कलता कर. ओतणं आणि फिरवणं या दोन क्रिया नाहीतच, एकच आहे. पीठ आधी ओतून मग फिरवायला गेलास की मध्ये जाड आणि कडेला फाटका असा क्रेप होतो. पीठ जास्त पडलं तर जादाचं सरळ भांड्यात परत ओतून दे, त्यात काही कमीपणा नाही. मला तर पातळ क्रेप शिकायचा हाच सर्वांत सोपा मार्ग वाटतो. तवा फार तापलेला असेल तर पीठ पसरायच्या आत धरतं आणि भोकं पडतात. कमी तापलेला असेल तर क्रेप पांढरा, ओलसर राहतो आणि उचलताना चिकटतो.

वरची चमक गेली, कडा सोनेरी होऊन सुटू लागल्या, की उलट. पहिल्या बाजूला साधारण एक मिनिट, दुसऱ्या बाजूला त्याच्या निम्मं. उलथन्याने कड जरा वर उचलून बोटांनी धरून पालथा कर, हवेत उडवायला नंतर शिक. पहिला क्रेप बहुधा नीट येत नाही. त्या एकावरून पीठ आणि आच दोन्ही कळतात, म्हणून तो घाईने टाकून न देता नीट बघ. जाड असेल तर पाणी, फिकट असेल तर आच. दुसऱ्यापासून सगळे एकसारखे यायला लागतील. दर दोन-तीन क्रेपनंतर तो लोण्याचा कागद पुन्हा फिरव.

दुकानात लोणी दोन तऱ्हेचं दिसेल, साधं आणि दमी-सेल, म्हणजे थोडं खारवलेलं. पिठात साधं घाल. वरून लावायला मात्र खारवलेलंच घे. ब्रेतान्यमध्ये लोणी खारवायची रीत टिकली याला एक कारण आहे. फ्रान्सच्या बहुतेक भागांत मिठावर गाबेल नावाचा जबर कर होता, तो १७९० मध्ये रद्द झाला. ब्रेतान्यला त्या करातून सूट होती, शिवाय गेरांदची मिठागरं हाताशी. मीठ स्वस्त, म्हणून लोणी टिकवायला ते सढळ वापरलं गेलं. गरम क्रेपवर या लोण्याचा तुकडा फिरवून वर चमचाभर साखर, मग चार घड्या. पाहुण्यांना पहिला तोच दे. लिंबू-साखर, जॅम, आर्देशच्या चेस्टनटचा गोड मुरंबा, हे सगळं त्यानंतर.

गालेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचा खारा क्रेप, करून बघू का असं तू विचारलंस. अजून नको. कुट्टूत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ बांधून राहत नाही आणि पातळ पसरताना फाटतं. गालेतला बिलिगसारखी कडक आच लागते, तुझ्या शेगडीवर ती नीट होणार नाही. ब्रेतान्यच्या निकस, आम्लधर्मी जमिनीत गहू धड यायचा नाही आणि कुट्टू तीन-चार महिन्यांत हाताशी यायचा, म्हणून तिकडच्या गरिबांचं रोजचं अन्न तेच होतं. गालेत खायची असेल तर पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनाकडे जा. ब्रेतान्यहून येणाऱ्या गाड्या त्या स्टेशनात थांबतात, कामासाठी पॅरिसला आलेली तिकडची माणसं त्याच भागात राहिली, आणि आजही त्या स्टेशनाजवळच्या र्यू द्यु माँपार्नास या रस्त्यावर क्रेपची दुकानं ओळीने उभी आहेत. अंडं, हॅम आणि चीज घातलेली गालेत माग, आणि शेगडी दिसेल अशी जागा धर. करणाऱ्याच्या मनगटाकडे पाहा. लिहून सांगण्यापेक्षा ते पाहून जास्त कळतं.

मुलं येतील तेव्हा क्रेप आधी करून ठेवू नकोस. तू शेगडीपाशी उभा राहा आणि एकेक गरम उतरव. यजमानाने उभं राहून वाढायचं हे जेवण आहे आणि त्यातच त्याची मजा आहे. शांदलरचा सण नाताळनंतर चाळीस दिवसांनी येतो. चर्चमध्ये मेणबत्त्यांचा, घरोघरी क्रेपचा. एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने क्रेप उडवायचा, तो तव्यात सरळ पडला तर वर्षभर घरात पैसा टिकतो अशी समजूत आहे. पूर्वी सोन्याचं लुई नाणं धरत, तुम्ही एक युरोचं धरा. प्रत्येकाला एकेकदा तवा हातात दे. फक्त तेव्हा तवा शेगडीवरून बाजूला घेऊन मगच उडवायला लाव, आणि कुणालाही पेटत्या मद्यात बुडवलेले क्रेप सुझेट करू देऊ नकोस. तुझ्या छोट्या खोलीत पडदा शेगडीला लागूनच आहे. हवेच असतील तर संत्र्याची साल किसून, रस, साखर आणि लोणी यांचा पाक जरा दाटसर उकळ, घडी केलेले क्रेप त्यात मिनिटभर मुरव. जाळाशिवायही ते तितकेच चांगले लागतात.

उरलेलं पीठ झाकून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतं. वर थोडं करडं पाणी सुटलं तर घाबरू नकोस, ढवळून घे. त्यात कच्ची अंडी आहेत, म्हणून त्याहून जास्त ठेवू नकोस. झालेले क्रेप उरले तर एकावर एक रचून ताटलीने झाक, वाफेने ते मऊ राहतात. दुसऱ्या दिवशी थोड्याशा लोण्यावर एकेक परत तापवून सकाळी वर्गाला जाण्याआधी खा, उपाशी जाऊ नकोस.

तुझा,
बाबा